ऑटिझमच्या थेरपीचा परिणाम ईईजीने मोजायचा असेल तर

ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या उपचारांचं मोजमाप बहुतेक वेळा प्रश्नावलीवर चालतं. आईवडील किंवा थेरपिस्ट गुण देतात, सहा महिन्यांनी पुन्हा देतात आणि दोन्हींतला फरक म्हणजे उपचाराचा परिणाम असं धरलं जातं. अडचण अशी की हे गुण उपचाराशिवायही सुधारतात. ब्युमेटॅनाइड या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये थांबवल्या गेल्या. औषध घेणाऱ्या आणि नुसती डमी गोळी घेणाऱ्या, दोन्ही गटांतल्या मुलांचे गुण सुधारले होते आणि दोन गटांत फरक सापडला नव्हता. रोज मुलाला घेऊन येणाऱ्या आईला बदल दिसावासा वाटतो, थेरपिस्टलाही वाटतो. म्हणून ज्याला कोणाच्या आशेशी देणंघेणं नाही असं माप हवं, आणि ईईजीचा, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या चाचणीचा, विचार तिथून सुरू होतो.

पण ईईजीला आशा नसली तरी चुका भरपूर असतात. खालची पद्धत ४ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास करू पाहणाऱ्या बालविकास केंद्रांसाठी, मानसशास्त्राच्या विभागांसाठी आणि एमडी-डीएनबीच्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांसाठी आहे. एकाच मुलाचा 'आधी' आणि 'नंतर'चा रंगीत ब्रेन मॅप काढून पालकांच्या हातात ठेवायचा असेल, तर ही पद्धत त्या कामाची नाही. का, ते पुढे आकड्यांत येईल.

आधी प्रश्न, मग टोपी

ईईजीकडून तीन वेगवेगळी कामं करून घेता येतात. उपचार मेंदूपर्यंत पोचतोय का ते पाहणं, हे पहिलं. कोणत्या मुलांना उपचार लागू पडेल ते आधी ओळखणं, हे दुसरं. आणि सुधारणा मोजणं, हे तिसरं आणि सर्वांत अवघड. यांपैकी एकच निवडा. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांनी मिळून ६ ते ११ वर्षांच्या मुलांवर याच विषयावर मोठा अभ्यास केला. त्यातलं एक माप म्हणजे चेहरा पाहिल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या-बाजूच्या भागात उमटणारी एन-१७० ही लहर. हे माप २०१९ मध्ये तिथल्या एफडीएच्या (औषध नियामक संस्थेच्या) बायोमार्कर पात्रता कार्यक्रमात स्वीकारलं गेलं. याचा अर्थ 'एफडीएने मान्यता दिली' असा सर्रास लावला जातो, आणि तो चूक आहे. कार्यक्रमात प्रवेश मिळाला इतकंच. प्रस्तावही मुलांचे गट पाडण्यासाठी होता, उपचाराचं यश सिद्ध करण्यासाठी नव्हता.

उपचार कोणता यावर माप ठरतं. सामाजिक संवादावर भर देणारी थेरपी असेल, तर चेहरा विरुद्ध वस्तू अशी चित्रं दाखवून येणारा प्रतिसाद मोजावा. डॉसन यांच्या गटाने २०१२ मध्ये अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल या लहान मुलांसाठीच्या थेरपीबद्दल हेच केलं. दोन वर्षं ही थेरपी मिळालेल्या मुलांचा मेंदू चेहरा पाहताना जास्त सक्रिय दिसला, परिसरातले नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांचा वस्तू पाहताना. उत्तम अभ्यास, पण त्यातलं ईईजी फक्त थेरपीनंतर झालं होतं. त्यामुळे दोन गटांतला फरक कळतो, एकेक मूल कुठून कुठे आलं ते कळत नाही. आपण ही उणीव भरून काढावी.

बोलत नसलेल्या किंवा पडद्याकडे टिकून न पाहणाऱ्या मुलांसाठी ऐकण्याचा प्रयोग सोयीचा. मूल मूक कार्टून पाहत बसतं, स्पीकरवर 'बीप-बीप-बीप' सुरू असतं आणि मधूनच एक वेगळा स्वर येतो. त्या वेगळ्या स्वराला मेंदू जो प्रतिसाद देतो तो मोजायचा, मुलाने काही करायची गरज नाही. औषधांच्या अभ्यासात निवांत बसलेल्या स्थितीतल्या लहरी घेतात. ३० हर्ट्झच्या वरच्या गॅमा लहरींच्या मागे मात्र लहान मुलांत शक्यतो लागू नये. कपाळ आणि जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल नेमका तिथेच येऊन बसतो.

माप ठरलं की कागदावर उतरवा: कोणते इलेक्ट्रोड, किती ते किती मिलिसेकंद, कोणत्या दिशेचा बदल अपेक्षित. पहिलं मूल येण्याआधी हे सगळं सीटीआरआयवर (चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदवून टाका. १२८ इलेक्ट्रोड, पाच फ्रिक्वेन्सी पट्टे (संथ ते वेगवान: डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा, गॅमा) आणि तीन परिस्थिती धरल्या तर १९२० तुलना होतात. उपचाराचा शून्य परिणाम असला तरी ५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातल्या सुमारे ९६ 'लक्षणीय' निघतील. आधी लिहून ठेवलं नसेल तर त्यांतली एखादी शोधनिबंधाचं शीर्षक होऊन बसते.

आखणी

थेरपी न मिळालेला किंवा प्रतीक्षायादीतला गट हवाच, आणि त्याचंही रेकॉर्डिंग तेवढ्याच दिवसांच्या अंतराने व्हायला हवं. कारण मूल वाढतं. तीन-चार वर्षांच्या मुलाची अल्फा लहर साधारण ८ हर्ट्झच्या आसपास असते, ती किशोरवयापर्यंत १० कडे सरकते. एन-१७० सुद्धा वयाबरोबर लवकर यायला लागते. चार वर्षांच्या मुलात सहा महिन्यांचा नुसता काळसुद्धा 'सुधारणा' दाखवू शकतो.

थेरपीआधी एक नाही, दोन रेकॉर्डिंग घ्या, मध्ये एक-दोन आठवडे ठेवून. हा खर्च टाळू नका. पहिल्या वेळी मूल घाबरलेलं असतं, स्नायू ताठ असतात, श्वास जोरात चालतो. ते सगळं पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये जिरतं. शिवाय उपचाराशिवाय तुमचं माप स्वतःहून किती हलतं ते या दोन नोंदींतूनच कळतं, आणि त्या आकड्याशिवाय पुढचा हिशेब करताच येत नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी एक आणि २४ आठवड्यांनी एक रेकॉर्डिंग पुरतं.

टोपी घालणाऱ्याला आणि डेटा साफ करणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं ते कळता कामा नये. फाइलच्या नावात तारीख किंवा 'पोस्ट' असा शब्द नको, नुसता सांकेतिक क्रमांक. मुलांची संख्या ठरवताना दहातल्या दोन-तीन मुलांचं रेकॉर्डिंग वापरण्याजोगं नसेल असं धरूनच चला. वय कमी आणि स्पर्शाची चीड जास्त असेल, तर याहून जास्त धरा.

यंत्र, खोली आणि घड्याळ

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत जे २१ चॅनेलचं मशीन असतं, त्यावर निवांत स्थितीचं रेकॉर्डिंग होतं. एन-१७०साठी लागणाऱ्या जागाही त्यावर असतात. जुन्या नावाने टी-५ आणि टी-६, नव्या नावाने पी-७ आणि पी-८. पण पडद्यावर चित्र कधी आलं याची खूण घेणारा ट्रिगर इनपुट त्या मशीनला बहुधा नसतो, आणि तो नसेल तर चेहऱ्यांचा प्रयोग विसरा. ३२ चॅनेलचा संशोधनाचा अँप्लिफायर, सेकंदाला किमान ५०० नमुने आणि ट्रिगर पोर्ट एवढं असेल तर काम होतं. बाजारात मिळणारे चार-पाच इलेक्ट्रोडचे हेडबँड या कामाला घेऊ नयेत.

जेलची टोपी की मिठाच्या पाण्याची जाळी? ३२ इलेक्ट्रोडमध्ये जेल भरायला सरावलेल्या माणसालाही वीस मिनिटं-अर्धा तास लागतो. चार वर्षांचं मूल तोवर टोपी काढून मोकळं झालेलं असतं. जाळी पाच मिनिटांत बसते. सात वर्षांखालच्या मुलांसाठी आमचं मत जाळीच्या बाजूने आहे. तिचा सिग्नल जेलपेक्षा थोडा गढूळ असतो आणि ती अर्ध्या तासात वाळू लागते, हे गृहीत धरून.

खोलीत एसी असावा, २४ अंशांच्या आसपास. कारण चैनीचं नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत टाळूला घाम आला की सिग्नल संथपणे वरखाली सरकत राहतो आणि कोणत्याही फिल्टरने तो नीट सुधारत नाही. अँप्लिफायर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस खोलीत असेल तर लांबच्या कोपऱ्यात, चार्जर प्लगमधून काढलेले, मोबाइल बाहेर. ५० हर्ट्झची गुणगुण पडद्यावर दिसलीच, तर आधी ग्राउंड इलेक्ट्रोड तपासा. बरेचदा दोष तिथेच असतो.

आता घड्याळ. लोक इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. संगणक 'चित्र दाखवलं' अशी खूण पाठवतो तेव्हा चित्र पडद्यावर उमटलेलं नसतं; मॉनिटर काही मिलिसेकंद घेतो. मॉनिटरच्या कोपऱ्यात प्रकाश ओळखणारा फोटोडायोड चिकटवा, त्या कोपऱ्यात प्रत्येक चित्राबरोबर एक पांढरा चौकोन चमकवा आणि १०० वेळा चमकवून खूण व प्रकाश यांतलं अंतर मोजा. सरासरी अंतर कितीही असो, ते वजा करता येतं. पण ते दर वेळी दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागेपुढे होत असेल तर दुरुस्ती हवी. बहुधा लॅपटॉपचा पॉवर-सेव्हर किंवा मागे चाललेलं अपडेट त्याला कारणीभूत असतं. काही अँप्लिफायरचे आतले फिल्टरही सिग्नल उशिरा देतात, ती रक्कम कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

हे एवढं का, ते एका उदाहरणात पाहा. समजा थेरपीआधीच्या रेकॉर्डिंगला जुना मॉनिटर होता, त्याचा उशीर २८ मिलिसेकंद. मधल्या काळात तो बिघडला आणि नवा आला, त्याचा उशीर १५. कोणी मोजलं नाही. सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाची एन-१७० तेरा मिलिसेकंद लवकर आली आणि थेरपी यशस्वी ठरली! फोटोडायोडची चाचणी दर महिन्याला करा आणि काहीही बदललं, अगदी केबलसुद्धा, की लगेच पुन्हा करा.

मूल येण्याआधी

आठवडाभर आधी घरी एक किट पाठवा: पोहण्याची टोपी, तिला आतून चिकटवलेले स्पंजचे चार-पाच तुकडे, खोलीचे आणि मशीनचे फोटो, आणि पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ. रोज एकदा, आधी कोरडी टोपी, मग ओला स्पंज. आईने किंवा बाबांनी आधी स्वतः घालून दाखवावी. टोपी घालून आवडतं गाणं ऐकण्यापर्यंत मूल आलं की केंद्रावर आणायला हरकत नाही.

केसांची सूचना मोठ्या अक्षरांत द्या: दोन दिवस आधीपासून तेल नाही. आदल्या रात्री शॅम्पू, कंडिशनर नाही. खोबरेल तेलाचा पातळ थरही मिठाच्या पाण्याला टाळूपर्यंत पोचू देत नाही. आपल्याकडे शाळेत किंवा कुठे बाहेर जायचं म्हणजे तेल लावून चापूनचोपून भांग, ही सवय इतकी पक्की असते की फोनवर एकदा सांगून भागत नाही, आदल्या दिवशी आठवण करावी लागते. आजीलाही सांगा. घट्ट वेण्या, क्लिपा, गजरा नको. उवा आहेत का ते टोपी घालण्याआधी पाहा. असतील तर कुरकुर न करता दुसरी तारीख द्या.

चारही रेकॉर्डिंग दिवसाच्या साधारण एकाच वेळी घ्या. मूल पेंगुळलं की थीटा लहरी वाढतात आणि बदल थेरपीचा की दुपारच्या झोपेचा ते सांगता येत नाही. झोप, जेवण, सर्दी-ताप, फिट आणि औषधं यांची त्या दिवशीची नोंद घ्या. क्लोनाझेपामसारख्या औषधांनी बीटा लहरी वाढतात, गुंगी आणणाऱ्या औषधांनी संथ लहरी. मधल्या काळात औषध बदललं असेल तर ते मूल विश्लेषणात कसं धरायचं, हेही आधीच लिहून ठेवा. फिटसाठीच्या ईईजीत मुलाला ट्रायक्लोफॉस देऊन झोपवण्याची पद्धत आहे, इथे ती अजिबात चालत नाही.

संमती पालकांची. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची अनुमतीही आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घ्यायची असते. लहान मुलाने दोनदा टोपी ओढून काढली तर तो नकारच समजा आणि थांबा.

जाळी बसवणं

डोक्याचा घेर मोजून माप निवडा. मग नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मध्य काढा. एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून पुन्हा मध्य काढा. दोन्ही जिथे मिळतात तिथे धुऊन जाणाऱ्या पेन्सिलीने फुली. हा सी-झेड. जाळीचा मधला इलेक्ट्रोड या फुलीपासून पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये.

द्रावण: १ लिटर कोमट डिस्टिल्ड पाणी, २ चहाचे चमचे, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड आणि १ चहाचा चमचा बेबी शॅम्पू. शॅम्पू त्वचेवरचा तेलकटपणा कापतो. स्वयंपाकघरातलं मीठ वापरू नका. जाळी पाच मिनिटं भिजवा, मग टॉवेलमध्ये हलकेच दाबून घ्या, ठिबकणारी नको. फार ओली जाळी घातली की शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये पाण्याचा पूल तयार होतो. पडद्यावर दोन रेषा हुबेहूब सारख्या नाचू लागल्या तर तेच झालंय. कोरड्या कापडाने मधली जागा टिपा.

एकाने जाळी दोन्ही हातांनी ताणून धरावी आणि एकाच हालचालीत डोक्यावर सोडावी, दुसऱ्याने साबणाचे फुगे उडवावेत. हळूहळू, विचारत-विचारत घातलेली जाळी मुलाला जास्त त्रास देते. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युत अडथळा, ५० किलोओहमखाली आणा; एवढा इम्पिडन्स चालणारे अँप्लिफायर जाळीबरोबर येतातच. जेलच्या टोपीत १० किलोओहमखाली. सगळेच इलेक्ट्रोड सुधारत बसू नका. ज्यांवर तुमचं माप आहे ते, संदर्भ इलेक्ट्रोड आणि ग्राउंड, एवढे नीट असले की सुरू करा. मुलाचा संयम ही मोजून मिळालेली गोष्ट आहे, ती इम्पिडन्सवर खर्चू नका. डाव्या, उजव्या आणि मागच्या बाजूने जाळीचा फोटो घ्या. चेहरा त्यात येऊ देऊ नका. सहा महिन्यांनी जाळी बसवताना हे फोटो समोर ठेवायचे असतात.

रेकॉर्डिंग

जाळी बसल्यापासून अर्ध्या तासात सगळं उरका. आधी दोन-तीन मिनिटं निवांत स्थिती. 'डोळे मिटून बस' हे लहान मुलांना जमत नाही, म्हणून हळू तरंगणाऱ्या आकारांची मूक चित्रफीत लावा. प्रत्येक भेटीत तीच. मुलाला आवडलेलं कार्टून लावण्याचा मोह होतो, पण व्हिडिओ बदलला की लहरी बदलतात.

मग चेहरे: सरळ चेहरा, उलटा चेहरा आणि घर. प्रत्येक चित्र अर्धा सेकंद, मध्ये एक ते दीड सेकंद रिकामा पडदा, हे अंतर दर वेळी थोडं वेगळं. प्रत्येक प्रकाराची ६० ते ७० चित्रं, चार-पाच तुकड्यांत. पडदा डोळ्यांपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर. वेबकॅम सुरू ठेवा आणि मुलाची नजर हटली की बटण दाबून खूण करा. त्या खुणेतली चित्रं नंतर वगळायची आहेत. बक्षीस म्हणून चिप्स किंवा शेंगदाणे देऊ नका, चघळण्याने पाच मिनिटांचा डेटा जातो. स्टिकर द्या.

डेटा साफ करताना

यासाठी हॅप्पे, मेड यांसारख्या मुलांच्या डेटासाठी बनवलेल्या मोफत पद्धती आहेत, ईईजीलॅब किंवा एमएनई-पायथनमध्येही करता येतं. कोणतीही घ्या, पण सेटिंग एकदा ठरवून गोठवा. एन-१७०साठी साधारण असं: ०.१ ते ३० हर्ट्झ फिल्टर, खराब चॅनेल काढून शेजाऱ्यांवरून भरणे, एकूण चॅनेलच्या दहा-बारा टक्क्यांपेक्षा जास्त भरावे लागत असतील तर रेकॉर्डिंग रद्द. डोळ्यांची उघडझाप काढण्यासाठी आयसीए, म्हणजे मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी गणिती पद्धत. त्यासाठी १ हर्ट्झच्या फिल्टरची वेगळी प्रत वापरा आणि मिळालेले घटक मूळ डेटावर लावा. सर्व इलेक्ट्रोडच्या सरासरीचा संदर्भ. चित्राआधीचे १०० मिलिसेकंद आधाररेषा. प्रत्येक चित्रामागे रेकॉर्डिंगचा एक तुकडा कापायचा, १५० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेलेले तुकडे बाद. प्रत्येक प्रकाराचे किमान २० ते ३० स्वच्छ तुकडे उरले तरच मूल मोजणीत. मुलांत ही लहर १७० नव्हे तर बरेचदा २०० मिलिसेकंदांच्या आसपास भेटते, मोजण्याच्या वेळेची खिडकी त्या हिशेबाने ठेवा.

आता जो सापळा अनुभवी माणसांनाही चकवतो तो. थेरपीनंतर मूल जास्त शांत बसतं. थेरपीचा हेतूच तो असतो. पण शांत बसलं की स्नायूंचा गोंगाट कमी होतो, स्वच्छ तुकडे २५ ऐवजी ५० मिळतात आणि लहरींचा आकार बदलतो. कमी तुकड्यांच्या सरासरीत शिल्लक गोंगाटामुळे लहरीचं टोक खोटं उंच दिसतं, जास्त तुकड्यांत ते खाली येतं. मेंदूत काहीही बदललेलं नसताना 'बदल' मिळतो, आणि तो थेरपीच्या गटातच मिळतो. म्हणून दोन्ही भेटींतल्या तुकड्यांची संख्या जुळवून घ्या: ५० मधून २५ यदृच्छेने निवडा, हे अनेकदा करून सरासरी घ्या. उंची मोजायची तर टोकाची मोजू नका, खिडकीतली सरासरी घ्या. आणि दोन्ही गटांत, दोन्ही वेळी किती तुकडे टिकले, त्याचा तक्ता निबंधात द्या. तो तक्ता नसलेल्या अभ्यासावर विश्वास ठेवताना हात आखडता घ्यावा.

नजरेचंही तसंच. थेरपीनंतर मूल चेहऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू लागलं, तर एन-१७० त्यामुळेही लवकर येऊ शकते. हा उपचाराचा परिणाम म्हणता येईल, पण वाट वेगळी आहे. आय-ट्रॅकर असेल तर वापरा, नसेल तर निष्कर्षात ही शक्यता स्पष्ट लिहा.

निवांत लहरींत 'सापेक्ष शक्ती' हा आकडा फसवा असतो. समजा एकूण १०० पैकी डेल्टा ५०, थीटा २०, अल्फा २०, बीटा १०. दुसऱ्या वेळी मुलाने डोळ्यांची उघडझाप कमी केली, डेल्टा ३० वर आला. एकूण ८० झालं. अल्फा जागच्या जागी आहे, तरी तिचा वाटा २० वरून २५ टक्के झाला. निरपेक्ष आकडे द्या, आणि लहरींचा उंचवटा व त्याखालचा उतार वेगवेगळा मोजणारी पद्धत वापरा.

बदल खरा की मापाची थरथर

थेरपीआधीच्या दोन रेकॉर्डिंगमधून मापाची विश्वासार्हता काढा, म्हणजे दोन्ही वेळचे आकडे किती जुळतात ते (१ म्हणजे पूर्ण जुळणी). समजा मुलांमधला एन-१७० च्या वेळेचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, २५ मिलिसेकंद आहे आणि दोन रेकॉर्डिंगमधली विश्वासार्हता ०.७५. मोजमापाची चूक = २५ × √(१ − ०.७५) = १२.५. दोन मोजमापांच्या फरकातली चूक = १२.५ × १.४१ = सुमारे १७.७. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणा: सुमारे ३५ मिलिसेकंद. म्हणजे एका मुलाची लहर ३५ मिलिसेकंदांपेक्षा कमी सरकली असेल, तर ते मूल बदललं असं म्हणता येत नाही. विश्वासार्हता ०.९ असली तरी ही मर्यादा २२ च्या आसपासच राहते, आणि थेरपीकडून एवढी मोठी उडी अपेक्षितच नसते. एका मुलाचा आधी-नंतरचा नकाशा निरर्थक का, त्याचं उत्तर हे.

गटात चित्र पालटतं. प्रत्येक गटात ३० मुलं असतील तर याच चुकीच्या हिशेबाने दोन गटांच्या बदलातली प्रमाण चूक साधारण ४.६ मिलिसेकंद येते, आणि १३ मिलिसेकंदांचा खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते. मुलं थेरपीला वेगवेगळा प्रतिसाद देतात हे धरलं तर ३० हून जास्त लागतील. विश्लेषण करताना 'थेरपी गटात फरक लक्षणीय, दुसऱ्या गटात नाही' असं लिहून थांबू नका, ती तुलनाच नव्हे. शेवटचं माप, आधीचं माप आणि वय एका समीकरणात घालून गटांमधला थेट फरक काढा.

मुख्य निकष वागणुकीचाच ठेवा: वाइनलँड (रोजच्या वागणुकीची मोजपट्टी), आयएसएए (ऑटिझमची भारतीय मोजपट्टी) किंवा गट माहीत नसलेल्या तज्ज्ञाने पाहून दिलेले गुण. लहर बदलली आणि मुलाचं घरातलं, शाळेतलं वागणं तसंच राहिलं, तर थेरपी उपयोगी ठरली असं कुठेही लिहू नये. उलट वागणं सुधारलं आणि लहर हलली नाही, तर माप चुकीचं निवडलं असण्याची शक्यता आधी तपासा.

पालकांना काय द्यायचं, हे संमतीपत्रातच ठरवा. आमच्या मते एकेका मुलाचे आकडे किंवा रंगीत नकाशे देऊ नयेत, गटाचा निष्कर्ष मराठीत एका पानावर द्यावा. एक अपवाद आहे. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचं प्रमाण जास्त असतं, आणि संशोधनाच्या रेकॉर्डिंगमध्येही फिटशी संबंधित टोकदार लहरी दिसू शकतात. कच्चं रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीत, समजा १५ दिवसांत, बालमेंदूरोगतज्ज्ञाच्या नजरेखालून जाईल याची आधीच सोय लावा. काही आढळलं तर पालकांना तज्ज्ञाने स्वतः फोन करावा, तंत्रज्ञाने टोपी काढता-काढता नव्हे. आणि काही आढळलं नाही म्हणून 'फिटची भीती नाही' असंही सांगू नये, कारण वीस मिनिटांच्या जागेपणीच्या रेकॉर्डिंगमधून ते कळत नाही.